शेवटचा शब्द समोरच्याचा असेल, तर बोली लावायची का?

आज एक विचित्र सौदा बघू. तुम्हाला एक माणूस हवाय. किंमत तुम्ही काढायची, बोलणी तुम्ही करायची, लेखी ऑफरही तुम्हीच द्यायची. मग ती ऑफर जाते त्याच्या जुन्या मालकाकडे. तो म्हणाला, "एवढे मीच देतो," की माणूस त्याचा. तुम्ही रिकाम्या हाताने घरी.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये हे नियमातच आहे. करार संपलेला, पण जुन्या संघाचा असा हक्क शिल्लक असलेला खेळाडू म्हणजे 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट'. बहुतेक वेळा तरुण पोरगा, पहिला करार नुकताच संपलेला. ठरलेल्या मुदतीत जुना संघ तुमची ऑफर 'मॅच' करू शकतो.

माझं मत विचाराल, तर इथे हरण्यापेक्षा जिंकण्याची भीती जास्त. जुना मालक त्या खेळाडूला रोज सरावात बघतो. गुडघा कसा आहे, स्वभाव कसा आहे, सगळं त्याला माहीत. तरीही त्याने सोडला, तर आपण जास्त किंमत लावली का, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

ब्रुकलिन नेट्सचं बघा. २०१६ मध्ये त्यांनी पोर्टलंडच्या ॲलन क्रॅबला ४ वर्षांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर देऊ केले. नियमित सुरुवात करणारा खेळाडू नव्हे हो, बेंचवरून येणारा! पोर्टलंडने मॅच केलं. मायामीच्या टायलर जॉन्सनला ५ कोटींची ऑफर दिली, तीही मॅच झाली. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या ओटो पोर्टरला १० कोटींच्या वर देऊ केले, तिथेही तेच. त्याच उन्हाळ्यात पोर्टलंडने क्रॅबला अदलाबदलीत ब्रुकलिनकडेच पाठवून दिलं, तोच महागडा करार सोबत घेऊन. आणि २०१९ मध्ये मोठ्या खेळाडूंसाठी जागा हवी झाली, तेव्हा तो करार अंगावरून उतरवायला ब्रुकलिनला नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे २ हक्क अटलांटाला द्यावे लागले. म्हणजे स्वतःच लिहिलेल्या किमतीतून सुटायला वरून पैसे मोजल्यासारखंच.

त्यांची अडचणही खरी होती. २०१३ च्या एका सौद्यात त्यांनी आपले पुढचे निवड-हक्क बॉस्टनला देऊन टाकले होते. खिशात पैसा, पण माल मिळवायचे रस्ते मोजकेच. भुकेल्या पोटी बाजारात गेलं की भाव कोण बघतो?

"निदान समोरच्याचा खर्च तरी वाढवला ना!" असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. शेजाऱ्याचं वीजबिल वाढलं म्हणून आपल्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही. उलट उत्तर येईपर्यंत ऑफरची रक्कम तुमच्या पगार-मर्यादेत अडकून पडते, आणि तेवढ्यात बाकीचे चांगले खेळाडू उचलले जातात. तुम्ही दुसऱ्याकडचा कारागीर आणायला जाता, तेव्हाही हेच होतं. तो तुमचा आकडा शेठला दाखवतो, पगार वाढवून घेतो आणि तिथेच राहतो. तुमचा महिना गेला.

मग कधीच करू नये का? करावं, पण समोरच्याला मॅच करणं का जड जाईल, हे कागदावर मांडता येत असेल तर. २०१२ मध्ये ह्यूस्टनने जेरेमी लिनला ३ वर्षांचे अडीच कोटी डॉलर देऊ केले, त्यातले जवळपास दीड कोटी तिसऱ्या वर्षी. ह्यूस्टनच्या मर्यादेत ती रक्कम ३ वर्षांत सारखी वाटली जाणार होती. न्यूयॉर्क निक्सने मॅच केलं असतं तर तिसऱ्या वर्षाचा सगळा बोजा, वर लक्झरी टॅक्स. निक्सने सोडून दिलं. इथे आकड्यापेक्षा हप्त्यांची रचना कामाला आली.

आणि मॅच झालंच तर पैसा कुठे वळवायचा, हेही आधीच बघून ठेवा. २०२२ मध्ये इंडियानाने जागा करण्यासाठी काही खेळाडू मोकळे केले आणि डिआंड्रे एटनला ४ वर्षांचे १३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले. फिनिक्सने त्याच दिवशी मॅच केलं. इंडियाना हात चोळत बसली नाही. उरलेल्या जागेतून २०२३ च्या जानेवारीत त्यांनी आपल्याच मायल्स टर्नरचा चालू पगार वाढवला आणि त्याचा करार पुढे नेला.