सहज आले!

मागच्या महिन्यातला बुधवार. भर दुपारी हॉस्टेलच्या गेटवर आजी उभी. हातात पिशवी, पिशवीत चपात्या आणि लसणाची चटणी. माझ्या पोटात गोळाच आला.

"आजी, काय झालं? कोण आजारी आहे?"

"काय व्हायचंय? सहज आले. फातिमा कॅथेड्रलमध्ये जरा बसते, खडेबाजार बघते, चारच्या बसनं परत."

निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. आजी आयुष्यभर निपाणीतच राहिली, पण बेळगावला यायला तिला नेहमी कारण लागायचं. दवाखाना, लग्न, नाहीतर मयत. आजोबांना मात्र कारण लागत नसे. ते "जाऊन येतो" म्हणायचे आणि जायचे. घरात कुणी जायचं आणि कुणी नाही, हे तिकिटाच्या पैशावर ठरायचं, आणि त्या हिशेबात बायका नेहमी शेवटी.

मग ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून राज्यात कुठंही मोफत प्रवास. आजीचं आधार कार्ड कपाटातून निघालं ते थेट तिच्या बटव्यात गेलं. कंडक्टर "आधार तोरस्री, अज्जी" म्हणाला की ती ते अशा थाटात काढते, जणू पासपोर्टच! आणि शून्य रुपयांचं तिकीट जपून ठेवते. शेजारच्या मावशी सौंदत्तीच्या यल्लम्माला, आमची आजी कॅथेड्रलला. देव वेगळे, बस एकच.

आता खरं सांगते. शनिवारी घरी जाताना संकेश्वरपर्यंत उभं राहावं लागलं, तेव्हा मीही पुटपुटले होते, "फुकट म्हणून सगळ्याच निघाल्यात." माझंही तिकीट शून्यच होतं, हे सोयीस्करपणे विसरून! तेवढ्यात एका काकूंनी सरकून जागा केली. "ये गं पोरी, तिघी बसू." मी गप्प बसले.

गर्दी होते, हे खोटं नाही. पण त्यावर उपाय जास्त बस हा आहे, कमी बायका हा नाही. बायकांना कामधंदा नाही म्हणून त्या फिरतात, असं कट्ट्यावर बसून म्हणणाऱ्यांना कट्ट्यावर बसायला कुठलं कारण लागतं?

आम्हा सीमेवरच्यांची गंमत अजून वेगळी. बेळगाव लांब, पण फुकट. कोल्हापूर जवळ, पण पैसे पडतात. आमची मोफत सवलत राज्याबाहेर जाणाऱ्या बसला नाही, आणि १७ मार्च २०२३ पासूनची एसटीची निम्म्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतच चालते. त्यामुळे अंबाबाईला निघालेल्या मावशी आधी हिशेब करतात. कारणाशिवाय जायची मुभा हद्दीपाशी संपते.

चारला आजीला बसमध्ये बसवलं. शहर कसं वाटलं, विचारलं. "गर्दी फार. कुंदा चांगला. पुढच्या बुधवारी बघू."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, बसमध्ये अशी एखादी आजी भेटली तर "कुठं निघालात?" असं जरूर विचारा. "कशाला?" एवढं मात्र विचारू नका.