घरकुल पूर्ण झाले. आता त्यात राहणाऱ्यांना विचारा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, चंद्रपूर आणि जिल्हा परिषद, गडचिरोली



घरकुलाचे जोते झाले की फोटो, भिंती उभ्या राहिल्या की फोटो, छत घातले की फोटो. प्रत्येक फोटो जिओ टॅग होतो आणि पुढचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात जमा होतो. पैसा मधल्या हातांत अडकू नये म्हणून ही पद्धत हवीच. पण शेवटच्या फोटोनंतर ते घर कागदावर ‘पूर्ण’ होते आणि त्यात राहणाऱ्यांचा अनुभव कुठेच नोंदला जात नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचे. स्वयंपाकाची जागाही त्यातच. माडिया किंवा कोलाम आदिवासी कुटुंबाचा संसार मात्र सपरीत (घरापुढच्या पडवीत) आणि अंगणात पसरलेला असतो. तिथे मोहफुले वाळतात, धान साठवले जाते, शेळ्या-कोंबड्या बांधल्या जातात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत झोपू देत नाही; कुडाची भिंत आणि कवेलूचे छप्पर असे तापत नाही. म्हणून पक्क्या घराला टेकून पुन्हा कुडाची झोपडी उभी राहते. ती का बांधली, हे त्या घरातल्या बाईला विचारा. पुढच्या आराखड्यात काय बदलायचे ते तीच सांगेल.

प्रश्न पैशाचाही आहे. दुर्गम भागासाठी 1 लाख 30 हजार रुपये आणि 2023 पासून पीएम-जनमन योजनेतून माडिया-कोलामांसाठी 2 लाख रुपये मिळू लागले. पण हप्ता कोणत्या महिन्यात पडतो, यावर बांधकाम ठरते. मे महिन्यात सगळे घर तेंदूपत्ता तोडायला जाते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडकडे सिमेंट-लोखंड नेणे अवघड होते. हे वेळापत्रक गावाला तोंडपाठ आहे; त्यांना विचारूनच हप्त्यांची आखणी व्हावी.

विचारायचे कसे, हेही महत्त्वाचे. हप्ता बाकी असताना कोणी तक्रार करत नाही. पैसे अडतील, ही भीती असते. म्हणून शेवटचा हप्ता मिळाल्यावर, पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा काढल्यावर विचारावे. ज्याच्या सहीने हप्ता निघतो त्याने विचारू नये. भाषा माडिया, गोंडी, कोलामी असावी आणि बायांचे म्हणणे आधी ऐकावे.

यासाठी नवी यंत्रणा नको. योजनेत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, त्यात हे प्रश्न घाला. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. अशी माणसे स्वतःच्या घराविषयी नीट सांगू शकतात.

आणि विचारल्यावर उत्तरही द्या. काय बदलले, काय जमले नाही आणि का, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. लोकांनी सावलीसाठी बांबूची सपरी मागितली, तर तिथल्या जाणकारांना गावात आणता येईल.

आपणा दोघांना विनंती आहे: येत्या उन्हाळ्यानंतर प्रत्येक तालुक्यातल्या एका ग्रामसभेपासून सुरुवात करा. पुढच्या मंजुऱ्या तिथले म्हणणे वाचूनच द्या.

आपला,
या जंगलपट्ट्यातला एक रहिवासी