मोजके फलाट

वसईकडचा व पनवेलकडचा असे दोन फांटे दिवा जंक्शनांत मुख्य लोहमार्गास मिळतात. ठाण्याहून येथवर पांचवा व सहावा मार्गही २०२२ सालीं खुला झाला. तरी फलाट ते मोजकेच. एखादी रिकामी गाडी फलाट अडवून उभी राहिली, कीं मागून आलेल्या भरल्या गाडीस सिग्नलापाशीं ताटकळण्यावांचून गत्यंतर नसतें. आमचा भाचा दिव्यास राहतो आणि डोंबिवलीच्या एका रासायनिक कारखान्यांत पाळीवर जातो. गेल्या पावसाळ्यांत त्यानें सांगितलेला प्रकार याच जातीचा होता.

कारखान्यांतील पंप, झडपा, तापमापक यांजवर हुकमत चालविणारा जो लहानसा संगणक, त्यास पीएलसी म्हणतात. कामगारापुढचा पडदा, नोंदी ठेवणारे संगणक, वरिष्ठांच्या खोलींतील यंत्र, हीं सगळीं माहिती त्यालाच विचारतात. त्यांच्या बोलण्याची 'मॉडबस' नांवाची रीत १९७९ सालची. पूर्वीं एका तारेवर धनी एकच असे. बाकीचीं यंत्रें हांक आल्याखेरीज तोंड उघडीत नसत. आतां जाळ्यावरून अनेकांस विचारतां येतें. परंतु एका वेळीं कितीजणांशीं जोडणी राखावयाची, याची प्रत्येक पीएलसीस मर्यादा असते, आणि कित्येकांत ती फारच थोडी.

त्या रात्रीं वीज गेली. पीएलसी बॅटरीवर चालूच राहिला. नोंदींचे संगणक मात्र निरोप न घेतांच बंद पडले आणि वीज येतांच उठून नव्या जोडण्या मागूं लागले. जुन्या जोडण्या पीएलसीच्या हिशेबीं अद्याप जिवंतच! पलीकडे कोणी आहे कीं नाहीं, याची चौकशी पुष्कळ यंत्रणा दोन तास स्तब्धतेंत गेल्यावर करतात. जागा भरल्या, आणि कामगाराचा पडदा कोरा राहिला.

"मामा, पंप चालत होते, पण आम्ही आंधळे होतों," भाचा म्हणाला. पीएलसी बंद करून पुन्हां सुरू केला असता तर जागा मोकळ्या होत्या. पण टाकींत रसायन तापत असतां तें धाडस करावें कोणी? विजेरी घेऊन तो टाकीवरच्या कांट्याच्या तापमापकापाशीं दोन तास उभा राहिला. मग पडदा आपोआप उजळला.

माझ्या मतें दोष यंत्राचा नव्हे. प्रत्येक नवा पडदा जोडतांना जागा किती उरल्या, हें कोणीं मोजलेंच नव्हतें. आतां मध्यें एक संगणक बसविला आहे. तोच पीएलसीस विचारतो व इतरांस वांटतो. चौकशीची मुदतही मिनिटावर आणली आहे. वरिष्ठांच्या खोलींतला पडदा त्या मधल्या संगणकाकडून माहिती घेतो. भाच्यापुढच्या पडद्याची जोडणी तेवढी थेट ठेवली आहे.