वाळवंटातली दरी आणि आईची बाटली

मैत्रिणींनो, प्रवासात तुम्ही पाणी पिता का? खरे सांगा हं. बरोबर घेता का, असे नाही विचारले. पिता का, असे विचारते आहे.

गेल्या जूनमध्ये आईला घेऊन मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला धाकट्या भावाकडे गेले होते. सगळा वाळवंटी मुलूख. तिथून ग्रँड कॅन्यन मोटारीने सुमारे ३७० किलोमीटर. एक मुक्काम करून परतायचे ठरले. आदल्या रात्री भावजयीने आणि मी दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या. तिथल्या कोरड्या हवेत साधी पोळी बघता बघता पापडासारखी होते. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहिली. सोबत लसणीची चटणी, चिवडा आणि प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली.

वाटेत माँटेझुमा कॅसल लागते. नाव ॲझ्टेक राजाचे, पण त्याचा इथे काडीचा संबंध नाही. सिनाग्वा लोकांनी चुनखडीच्या उभ्या कड्यात, सुमारे ९० फूट उंचीवर बांधलेले हे पाच मजली, वीसेक खोल्यांचे घर. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे. १९५१ पासून प्रवाशांना वर सोडत नाहीत, खालूनच बघायचे. आई मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, पाणी कुठून आणत असतील या बायका?" भावाने खालचा ओढा दाखवला. "म्हणजे भरलेली भांडी घेऊन शिड्या चढायच्या? नुसत्या विचारानंच माझे गुडघे दुखायला लागले बाई!"

ग्रँड कॅन्यनचे वर्णन मी करत नाही. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल दरी शब्दांत काय मावणार? पण एक गंमत सांगते. दरीत देवळांसारखी दिसणारी जी शिखरे आहेत, त्यांतल्या तिघांची नावे ब्रह्मा, विष्णू आणि शिव! विष्णू आणि शिव ही नावे क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दिली. तळाशी असलेल्या, पावणेदोनशे कोटी वर्षांच्या खडकालाही विष्णूचेच नाव आहे. आईने कठड्याशी उभे राहून हात जोडले. तिच्या बाटलीकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दरीच्या काठाकाठाने पूर्वेकडे निघालो. मेरी कोल्टर या स्थापत्यकार बाईंनी उभारलेला १९३२ चा दगडी टेहळणी मनोरा पाहिला आणि दुपारी वुपाट्कीला पोचलो. तांबड्या दगडांची, शंभरेक खोल्यांची वस्ती. जवळच १०८५ च्या सुमारास ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेने जमिनीत ओल टिकून राहिली आणि म्हणून इथे मका पिकला, असे मानतात. होपी लोक ही आपल्या पूर्वजांची घरे मानतात.

भिंती बघून परत फिरलो आणि आईने एकदम माझा हात धरला. "डोळ्यांपुढं अंधारी येतेय गं." ओठ कोरडे पडलेले, अंगावर घामाचा टिपूस नाही. त्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, कळतच नाही. तिला सावलीत आडवे केले, पाय थोडे वर ठेवले, ओला रुमाल मानेवर ठेवला. बाटली पाहिली तर काठोकाठ भरलेली!

"प्यायचं आणि मग तासातासाला गाडी थांबवायला सांगायचं? मुलाला काय सांगायचं सारखं सारखं?"

मी काय बोलणार? माझीही बाटली निम्मी होती, आणि कारणही तेच. शाळेत लागोपाठ तास असले की मी हेच करते. वर्गातल्या मुली तर घरून निघाल्यापासून करतात.

भावजयीने लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले. चमचा म्हणजे चहाचा, बरं का. ते घोट-घोट पाजले. तासाभराने आई हुशारली. माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापले किंवा पाणी पोटात ठरेना, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक आहे, ते निघण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे होते. ती चूक माझी. वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर पाणी लागते, आणि सोबत काहीतरी खारट. आमचा चिवडा इथे कामी आला.

रात्री भाऊ माझ्याशी फारसे बोलला नाही. नंतर हळूच म्हणाला, "आईला माझी भीती वाटते का गं?"

ते ठरवायला मी कोण? पण फिनिक्सच्या परतीच्या वाटेवर आईने तीनदा गाडी थांबवली. तिसऱ्या वेळी पेट्रोल पंपाच्या दुकानातून ती सावकाश बाहेर आली, सगळ्यांसाठी बिस्किटे घेऊन, आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "इथलं बरंच स्वच्छ आहे हो. तू पण जाऊन ये."