वावर विकण्याआधी

जवळा बाजारच्या मोंढ्यात हमाली करणारे आमचे एक बांधव २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचे पोते उचलताना कोसळले. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. जमलेल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे चप्पल हुंगवली. रात्री कोणीतरी भानामतीचाही विषय काढला. बावीस प्रतिज्ञा घेतलेली आम्ही माणसे, पण फीट आली की हात आधी चपलेकडेच जातो, हे लिहिताना लाज वाटते. मोठ्या वयात पहिल्यांदाच फीट येणे, पहाटे डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलताना शब्द न सापडणे, ही लक्षणे दिसली तर मेंदूचा फोटो काढून घ्यावा. बाकी सर्व नंतर.

फोटोत गाठ निघाली. ऑपरेशननंतर तिच्या तुकड्याचा रिपोर्ट आला, ग्लिओब्लास्टोमा. मेंदूतच उगम पावणाऱ्या गाठींपैकी ही फार वेगाने वाढणारी. तिच्यावरचा प्रचलित उपचार असा की ऑपरेशन करून जमेल तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवडे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, आणि त्यासोबत टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या. शेक संपल्यावर याच गोळ्या महिन्यातून पाच दिवस, साधारण सहा महिने. ही पद्धत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या अभ्यासातून रूढ झाली. नुसत्या शेकाने निम्मे रुग्ण १२ महिन्यांच्या पुढे जात. गोळ्या जोडल्यावर तो आकडा साडेचौदा झाला. दोन वर्षे जगणारे मात्र शंभरात १० होते ते २६ झाले. गोळ्या आपल्या देशातील कंपन्याही बनवतात.

इथवर वाद नव्हता. परंतु एका खाजगी दवाखान्यात कुटुंबाला सांगण्यात आले की, याला जोडून इम्युनोथेरपीची इंजेक्शने घ्या, नवीन औषध आहे, परदेशात हेच देतात. एका इंजेक्शनचा खर्च लाखाच्या पुढे. घरात दीड एकर कोरडवाहू. वहिनींनी रविवारच्या वंदनेनंतर आम्हाला विचारले, "भाऊ, वावर इकावं का?"

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. औषधाचे शास्त्र आमचे नव्हे. पण आकडा वाचता येतो, आणि कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितलेले आम्ही विहारात अनेकदा ऐकवले आहे. तेव्हा स्वतः तपासणे भागच होते. ओळखीच्या दोन डॉक्टरांना घेऊन बसलो.

औषध खोटे नाही. आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी पहारा करतात, आणि त्या भलतीकडे सुटू नयेत म्हणून त्यांना ब्रेक असतो. कर्करोग हा ब्रेक दाबून ठेवतो. इंजेक्शन तो सोडवते. हा शोध लावणारे अमेरिकेचे अॅलिसन आणि जपानचे होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. काही त्वचेच्या व फुप्फुसाच्या कर्करोगात याने माणसे वर्षानुवर्षे जगली आहेत.

मेंदूतल्या या गाठीत मात्र पहारेकरी मुळात थोडेच पोहोचतात. जे पोहोचतात त्यांना गाठ निष्प्रभ करते. मेंदूची सूज उतरवायला स्टिरॉइड द्यावे लागते, तेही त्यांना दाबते. जिथे पहारेकरीच नाहीत तिथे ब्रेक सोडून काय होणार?

प्रत्यक्षात तेच दिसले. निवोलुमॅब हे इंजेक्शन शेक आणि गोळ्यांना जोडून ७१६ रुग्णांवर तपासले गेले. निकाल २०२२ साली छापून आला. इंजेक्शनवाल्यांत निम्मे रुग्ण सुमारे २९ महिने जगले, बिनइंजेक्शनवाल्यांत ३२ महिने. (हे गोळ्या अधिक लागू पडणाऱ्या प्रकारचे रुग्ण होते, म्हणून दोन्ही आकडे मोठे.) दुसऱ्या अभ्यासात गोळ्यांऐवजी इंजेक्शन दिले, तिथे तर गोळ्यावालेच सरस ठरले. रुग्णाच्या पेशींपासून बनवलेल्या एका लसीने थोडे महिने वाढल्याचा दावा २०२२ मध्येच झाला, पण तुलना दुसऱ्या अभ्यासांतील रुग्णांशी केलेली होती. ऑस्ट्रेलियाचे कर्करोगतज्ज्ञ रिचर्ड स्कोलियर यांनी २०२३ मध्ये स्वतःच्याच मेंदूच्या गाठीवर ऑपरेशनआधी ही इंजेक्शने घेतली. २०२५ मध्ये त्यांची गाठ परत आली. संशोधन चालू आहे, चालूच राहावे. पण संशोधनात भाग घेणे वेगळे आणि वावर विकून औषध विकत घेणे वेगळे.

"टाटातही हे इंजेक्शन देतात," असे कुटुंबाला सांगितले होते. तेही खरे, पण अर्धे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके व मानेच्या, म्हणजे तोंड-घशाच्या वगैरे कर्करोगात हेच निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, देऊन पाहिले. वर्षभर जगणारे शंभरात १६ वरून ४३ झाले. गरिबाचा विचार करून केलेले काम ते हेच. तंबाखूने आपल्या वस्त्या पोखरल्या आहेत, त्यांनी ते लक्षात ठेवावे. मेंदूच्या गाठीला तो आकडा लावता येत नाही.

आम्हाला या वेळी जीवकाची आठवण झाली. विनयात कथा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीचे डोके उघडून जीवकाने व्याधी काढली. श्रेष्ठी म्हणाला, माझी सारी संपत्ती तुझी, मीही तुझा दास. जीवकाने सारे घेण्यास नकार दिला. फी मात्र घेतली, तीही चांगली घसघशीत!

वहिनींना आम्ही सांगितले, वावर विकू नका. सांगताना छाती धडधडत होती, कारण उद्या काही झाले तर बोल आमच्यावर येणार होता. त्या आधी भावाकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "गोळ्या तरी सोडायच्या न्हाईत."

शेक छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात झाला. फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घेतले. बांधव सोळा महिने जगले. त्यातले अकरा महिने स्वतः चालत विहारात येत होते. थोरलीची दहावी त्यांनी पाहिली. वावरात यंदा सोयाबीन आहे.

मुंबईला जावे लागलेच तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांसाठी आहे. जाताना तुकड्याचा रिपोर्ट, काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा दवाखान्याकडून मागून घ्यावा. फोटोची सीडी, रेशनकार्ड, आधार सोबत ठेवावे. कागद वाचून घ्यायचे असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. आम्ही दहापर्यंत असतो.