तीन ठिपके पाहा

चैत्रात जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर गवत वाळून जातं, रुई मात्र हिरवीगार असते. तिच्याभोवती सावकाश उडणारं नारिंगी फुलपाखरू म्हणजे बहुतेक वेळा बिबळ्या कडवा. बहुतेक वेळा म्हणतो, कारण छोट्या चांदव्याची मादी हुबेहूब तसाच वेश घेते. नर चांदवा काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे डाग. मादी अगदी निराळी. कडव्याच्या अळ्या रुईची पानं खातात, तिच्यातलं विष अंगात साठवतात आणि ते पुढे फुलपाखरातही राहतं. चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. चांदव्याची अळी वाढते घोळीवर, आपण भाजी करतो त्याच. तिच्यात हे विष नाही, म्हणून मादी कडव्याच्या रूपावर जगते. दोन्हींच्या पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरा पट्टा, त्यामुळे तिथे पाहून उपयोग नाही. मागचा पंख पाहा: मधोमध तीन काळे ठिपके असले तर कडवा, वरच्या कडेला एकच असला तर चांदवा. चौथा ठिपका दिसला तर तो कडव्याचा नर. नारिंगी पंखांवर जाड काळ्या शिरा असतील तर तो याचाच पट्टेरी भाऊबंद. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना खालची बाजूही बघावी, तिथे काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पाठीवर शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी असू शकते. प्लॉट साफ करताना रुई सगळ्यात आधी उपटली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कुंपणाकडची दोन-तीन झुडपं राहू दिली तरी कडवा तिथे अंडी घालतो.