‘व्हाइल’ला वेळेच्या कोठडीत डांबू नका

इंग्रजी शिकवणाऱ्यांत आणि शोधनिबंध तपासणाऱ्यांत एक नियम ठाण मांडून बसला आहे. ‘व्हाइल’ हे कालवाचक उभयान्वयी अव्यय आहे, म्हणून ते फक्त ‘एक गोष्ट चालू असताना दुसरी घडली’ हे सांगायलाच वापरावे. विरोध दाखवायचा असेल तर ‘व्हेअरॲज’, ‘ऑल्दो’ किंवा ‘बट’ लिहावे. या नियमाच्या जोरावर विद्यार्थ्यांची चांगली वाक्ये लाल शाईने खोडली जातात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. कालवाचक वाक्याने विरोध दाखवणे ही चूक तर नाहीच, उलट ती इंग्रजीतल्या मोलाच्या सोयींपैकी एक आहे. ती काढून घेतली तर मुलांच्या हाती बोथट इंग्रजी उरते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. नियमाचे समर्थक तीन कारणे देतात. पहिले, शब्दाचा मूळ अर्थ काळाचा आहे. दुसरे, मान्यवर नियमपुस्तकांनी तसे सांगितले आहे. तिसरे, दोन अर्थांमुळे वाचकाचा गोंधळ होतो. तिन्ही कारणे तपासून पाहू.

मूळ अर्थाचा मुद्दा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्वील’ हे नाम होते, अर्थ ‘कालावधी’. ‘फॉर अ व्हाइल’मध्ये ते नाम आजही जिवंत आहे. त्याचे अव्यय बनताना दिसते ते इंग्लंडमधल्या पीटरबरो बखरीत: ११३७ सालच्या नोंदीत स्टीफन राजा असेपर्यंत, म्हणजे एकोणीस हिवाळे, लोकांनी भोगलेल्या हालांचे वर्णन आहे आणि तिथे हा शब्द निव्वळ काळ सांगतो. पण भाषा तिथे थांबली नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या असे कुणी मुद्दाम सांगितले, की ऐकणारा विचारतो, ‘या दोन्ही शेजारी का ठेवल्या?’ बऱ्याचदा उत्तर असते, ‘कारण त्या एकमेकींशी जुळत नाहीत.’ हा तर्क पिढ्यान् पिढ्या झाला आणि विरोध हा शब्दाच्या अर्थाचाच भाग बनला. एलिझाबेथ क्लॉस ट्रॉगट या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने हा प्रवास सविस्तर दाखवला आहे. शेक्सपिअरच्या काळापासून हा विरोधवाचक अर्थ इंग्रजीत रुळला आहे. चारशे वर्षे नांदलेल्या अर्थाला आज उपरा ठरवण्याचा अधिकार कुणाला?

इंग्रजी एकटीच या वाटेने गेलेली नाही. जर्मनचे ‘वेरेंट’, फ्रेंचचे ‘तांदी क’, हिंदीचे ‘जबकि’ हे सगळे काळातून विरोधाकडे आले. इंग्रजीतच ‘स्टिल’ आणि ‘येट’ पाहा. विरोधाआधी दोन्ही शब्द काळ दाखवत होते. आज ते ‘तरीही’ या अर्थाने सर्रास येतात आणि एकही परीक्षक त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. मग एकट्या ‘व्हाइल’वरच हा पहारा का? ‘व्हेन’चेही तेच. ‘व्हाय टेक अ टॅक्सी व्हेन यू कॅन वॉक?’ या वाक्यात काळ कुठे आहे? ‘चालत जाता येत असताना टॅक्सी कशाला?’ हा सरळसरळ विरोध आहे. व्याकरणाच्या नावाखाली नियम करायचा तर तो सगळ्यांना सारखा लावा.

आता नियमपुस्तकांकडे वळू. अमेरिकेतील मानसशास्त्र संघटनेची लेखननियमावली, जिला संशोधक ‘एपीए’ म्हणून ओळखतात, ‘व्हाइल’ आणि ‘सिन्स’ काळापुरते ठेवायला सांगते. पण कारण काय देते? अनेकार्थी शब्दाने गोंधळ होऊ शकतो, एवढेच. ही एका क्षेत्रातील लेखनाची शिस्त आहे; इंग्रजीचा कायदा म्हणून तो नियम तिनेही मांडलेला नाही. तो शाळेतल्या निबंधाला लावणे म्हणजे एका कार्यालयातला दंडक गावभर चालवणे.

या नियमाचे दुसरे मोठे आधारस्थान म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांची छोटी पुस्तिका, ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’. ती १९१८ची, १९५९मध्ये त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी तिची सुधारित आवृत्ती केली आणि ती जगभर गेली. ‘व्हाइल’ सरसकट वापरू नका असे स्ट्रंक सांगतात, हे खरे. पण लोक एवढेच वाचून पुस्तक मिटतात. पुढे स्ट्रंक स्वतःच म्हणतात की संदिग्धता किंवा विसंगती येत नसेल तर ‘ऑल्दो’च्या अर्थाने हा शब्द चालतो. त्यासाठी ते एक कसोटीही देतात: ‘व्हाइल’च्या जागी ‘ॲट द सेम टाइम’ घालून वाक्य फिरवून पाहा, जमले तर शब्द बरोबर. एखाद्याच्या उत्साहाचे कौतुक वाटते, पण तो उत्साह चांगल्या कामी लागायला हवा होता, अशा अर्थाचे वाक्य या कसोटीवर पास होते. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, असे वाक्य मात्र नापास. कारण दिवस आणि रात्र एकाच वेळी नसतात.

इथेच ही कसोटी स्वतः कोसळते. उत्साहाच्या वाक्यातला ‘ॲट द सेम टाइम’ घड्याळातली वेळ सांगतो का? नाही. तो ‘पण त्याचबरोबर’ असे म्हणतो. म्हणजे काळाची शुद्धता तपासायला स्ट्रंक यांनी जो शब्दप्रयोग निवडला, तोच काळातून विरोधाकडे गेलेला आहे. शिवाय ऊन आणि गारवा एकाच क्षणी नसले तरी एकाच हवामानाचे दोन गुण म्हणून एकाच ऋतूत नांदतात, आणि वाक्याला तेच सांगायचे असते.

तिसरा आक्षेप गोंधळाचा. तो मी गांभीर्याने घेतो, कारण गोंधळ टाळणे हे लेखकाचे कर्तव्यच आहे. पण प्रत्यक्ष वाक्ये पाहा. ‘व्हाइल शी वॉज कुकिंग, द लाइट्स वेंट आउट.’ चालू क्रियापद आहे, त्यामुळे हा काळ आहे हे कुणालाही कळते. ‘माय ब्रदर इज टॉल, व्हाइल आय ॲम शॉर्ट.’ उंची ही काही वेळापुरती चालणारी क्रिया नाही, त्यामुळे इथे विरोधच आहे. ‘व्हाइल’आधीचा स्वल्पविरामही तेच बजावतो. क्रियापदाची जात, वाक्यातली जागा आणि स्वल्पविराम, या तिघांच्या साक्षीने वाचकाला बहुतेक वेळा अर्थ लगेच समजतो. ‘व्हाइल माय ब्रदर वॉज इन पुणे, आय स्टडीड इन मुंबई’ यासारख्या वाक्यात मात्र दोन्ही अर्थ लागतात. तिथे ‘व्हेअरॲज’ लिहावे. नुसत्या ‘आणि’च्या जागी ‘व्हाइल’ घालण्याची सवयही सोडावी. एवढे मी मान्य करतो. पण चार वाक्ये संदिग्ध होतात म्हणून चारशे वाक्यांवर बंदी घालणे हा उपाय नव्हे.

आता मंडन. काळाचे वाक्य विरोधाला काय देते, हे पाहायला जगप्रसिद्ध उदाहरण घेऊ: ‘नीरो फिडल्ड व्हाइल रोम बर्न्ड.’ रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता. यातला ‘व्हाइल’ काढून ‘बट’ घाला: रोम जळाले, पण नीरोने फिडल वाजवली. आरोपच गेला. रोम जळाले एका वर्षी, नीरोने वाद्य वाजवले दुसऱ्या वर्षी, असेही असू शकते. ‘व्हाइल’ दोन्ही घटना एकाच क्षणात आणून उभ्या करतो, म्हणून सम्राटाचा नाकर्तेपणा डोळ्यांत भरतो. इथे काळ आणि विरोध वेगळे काढताच येत नाहीत. एककालिकता हाच विरोधाचा कणा आहे. याची खूण इतिहासातही आहे. इ. स. ६४ मधल्या त्या आगीबद्दल इतिहासकार टॅसिटस सांगतो की आग लागली तेव्हा नीरो अँटियममध्ये होता, आणि नंतर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा खुल्या केल्या. फिडल तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती. म्हणजे नीरोचा बचाव काय, तर ‘तेव्हा तो तिथे नव्हता.’ आरोप काळावर उभा होता, म्हणून बचावही काळावरच उभा राहिला.

मराठी मुलाला हे शिकवणे अवघड नाही, कारण त्याच्या तोंडी ते आधीच आहे. ‘घरात माणसं असताना चोरी झाली.’ ‘खिशात सुट्टे असताना नोट कशाला मोडतोस?’ ‘एवढा शिकलेला असताना असं बोलतोस?’ या वाक्यांतला ‘असताना’ काळही सांगतो आणि अपेक्षाभंगही. नुसती दोन टोके शेजारी ठेवायची असली की आपण ‘तर’ वापरतो: ‘थोरला पुण्यात, तर धाकटा नाशकात.’ इंग्रजीतला ‘व्हाइल’ या दोन्ही कामांना येतो. वाक्याच्या सुरुवातीला आला की बहुधा विरोधी ‘असताना’च्या जवळ, स्वल्पविरामानंतर मध्ये आला की बहुधा ‘तर’च्या जवळ. इतके सांगितले तर दहावीचा विद्यार्थीही हा शब्द आत्मविश्वासाने वापरेल. पण आपण फळ्यावर ‘व्हाइल म्हणजे असताना’ लिहितो, त्या ‘असताना’तला काळ तेवढा शिकवतो आणि विरोध पुसून टाकतो. मुलाला स्वतःच्या भाषेतून मिळालेली जाण आपणच काढून घेतो.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना, मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे. विरोधासाठी वापरलेला ‘व्हाइल’ दिसला की लाल पेन उचलण्याआधी एकच प्रश्न विचारा: या वाक्याचे दोन अर्थ होतात का? होत असतील तर शब्द बदलायला सांगा आणि का ते समजावून द्या. होत नसतील तर ते वाक्य बरोबर आहे. त्याचे गुण कापू नका.